वडिलांच्या पद्मिनीचा मूळ रंग: खरवडायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी घेतलेली १९७६ ची प्रीमियर पद्मिनी, फिकट निळी, मिरजेच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी होती. इंजिनाचं काम झालं, गाडी चालते. रंग मात्र खडूसारखा झालाय, हात फिरवला की बोटं पांढरट होतात. मागचं डावं दार नव्वदच्या दशकात ठोकर बसल्यावर परत रंगवलेलं आहे. तीन गॅरेजवाल्यांनी एकच सल्ला दिला, पत्र्यापर्यंत खरवडू, नवा पीयू (हार्डनर घालून मारायचा आजचा पॉलियुरेथेन रंग) मारू, शोरूमसारखी करून देऊ. आई म्हणतात, रंग आहे तोच राहू दे. काय करावं?

आईंचं ऐका. निदान तीन-चार रविवार तरी ऐका, तेवढ्यात तुम्हाला स्वतःलाच कळेल की रंग वाचतोय की नाही. मी कोल्हापुरात उद्यमनगरात अडतीस वर्षं रंगकाम करतोय, शेवटची पंधरा बहुतेक जुन्या गाड्यांवरच. नवा रंग मारणं मला सोपं जातं आणि त्यात पैसेही जास्त मिळतात. तरी सांगतो, खरवडलेला मूळ रंग कुणालाही परत आणता येत नाही. मीही आणू शकत नाही. नवा रंग पुढच्या वर्षीही मारता येईल, दहा वर्षांनीही मारता येईल.

आधी तुमच्या गाडीवर नक्की काय आहे ते समजून घ्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ही गाडी बनायची. आधी फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. (आमच्याकडचे जुने मेस्त्री अजून सगळ्यांनाच फियाट म्हणतात, आणि १९५० च्या दशकातल्या गोलगरगरीत मॉडेलला डुक्कर फियाट.) त्या काळातल्या साध्या रंगांवर आजच्यासारखा क्लिअर कोट नसायचा. आजच्या गाडीत खाली रंग आणि वर पारदर्शक लाखेचा थर असतो, ऊन-पाऊस तो थर झेलतो. तुमच्या गाडीत रंग हाच शेवटचा थर. पन्नास वर्षांचं ऊन थेट त्यानेच खाल्लंय.

रंग म्हणजे दोन गोष्टी: रंगद्रव्याची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारी राळ. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या पापुद्र्यातली राळ तुटत जाते आणि पूड मोकळी होते. बोटाला लागतं ते हेच. फिकट निळ्या रंगात निळं द्रव्य थोडंच असतं, बहुतेक भाग पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा. म्हणून बोटं निळी न होता पांढरट होतात आणि गाडी उडालेल्या रंगाची वाटते. खरं म्हणजे त्या काळापासून वापरात असलेलं थॅलो निळं उन्हाला चांगलं टिकतं. तुमची गाडी लाल असती तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो, कारण कित्येक लाल द्रव्यं उन्हात स्वतःच मरतात. निळ्याच्या बाबतीत खडूखालचा रंग बहुतेक वेळा जिवंत सापडतो. हे आत्ता पडताळून बघायचं असेल तर बॉनेट उघडून बिजागरीजवळचा, जिथे ऊन पोचत नाही तिथला रंग बघा. दाराच्या रबरी बीडिंगची कड हलकेच उचला आणि खालचा बघा. पॉलिशने जास्तीत जास्त मिळवाल ते याच्या जवळपास असेल. त्यापेक्षा जास्त कुणी कबूल करत असेल तर तो वर काहीतरी फासणार आहे.

आता पहिला धोका. धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं फिरवू नका. नऊ वर्षांची धूळ म्हणजे बारीक वाळू, आणि ती रंगापेक्षा कठीण. आपल्याकडे सोसायटीत रोज सकाळी एका बादलीत एकच फडकं बुचकळून वीस गाड्या पुसतात, त्याने किती रंग जातो ते मी मोजलंय. बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर, मागच्या कल्ल्यांच्या धारेवर, दारांच्या मधल्या रेषेवर रंग सपाट भागापेक्षा निम्मा भरतो. जुन्या गाडीत सगळ्यात आधी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिसतो तो याच जागी. धार आणि कोपरा म्हणजे या कामातली दुखरी नस, पुढे परत सांगीन.

धुताना प्रेशर वॉशर नको. जिथे रंगाला पोपडा आला असेल तिथे तो जोराचा फवारा आत शिरून पंजाएवढा तुकडा उडवतो. पाईपने साधं पाणी वरून सोडा, धूळ आपसूक खाली वाहू द्या. दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा सौम्य शाम्पू, दुसरीत साधं पाणी. भांडी घासायचं लिक्विड नको. छपरापासून खाली या, प्रत्येक भागानंतर फडकं साध्या पाण्यात पिळा. काचांची रबरं जुनी आहेत, पाणी आत गेलं तर फरशीचा पत्रा सडतो, म्हणून धुवून झालं की चारही दारं आणि डिकी उघडी ठेवून दिवसभर वारा लागू द्या. डिकीतलं स्टेपनीखालचं तळ नक्की बघा.

एक चौकशी घरात करा: गाडी कधी रॉकेल किंवा डिझेलने पुसली जायची का? आमच्या लहानपणी चकाकीसाठी सर्रास पुसायचे, कुणी खोबरेल लावायचं. तो तेलकट थर धूळ धरून काळपट होतो. खडू झालाय असं वाटतं तो कधी कधी निम्मा हाच थर असतो. शाम्पूने निघाला नाही तर व्हाइट स्पिरिट, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, मऊ कापडावर थोडंसं घेऊन हलक्या हाताने पुसा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पातळ करायचं थिनर चुकूनही नको. का, ते लगेच सांगतो.

धुवून वाळली की मोजमाप. रंगाची जाडी मोजायचं यंत्र काही हजारांत मिळतं, ओळखीच्या जुन्या गाड्यांच्या दलालाकडे असतंच, दोन दिवस मागून आणा. मी वहीच्या पानावर गाडीचं वरून आणि दोन्ही बाजूंनी चित्र काढतो, आणि प्रत्येक भागावर आठ-दहा ठिकाणी टेकवून आकडा लिहितो. आकडे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० च्या दरम्यान भरतो. एखाद्या भागावर २०० ते ३०० दिसलं तर तो एकदा परत रंगवलाय. ५०० च्या पुढे गेलं की खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. तुमच्या डाव्या दारावर असंच काहीतरी निघेल. यंत्र मिळालंच नाही तर छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. लांबीवर ते धरत नाही. बोटाच्या पेराने टकटक केलं तरी कळतं, पत्रा टणकन बोलतो आणि लांबी थपथप.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा, कारण इथे शिकलेली माणसंही चुकतात. यंत्र जो आकडा दाखवतं तो पत्र्यापासून वरचं सगळं मिळून, प्रायमरसकट. ९० दाखवलं म्हणजे पॉलिशला ९० मायक्रॉन रंग आहे असं नाही. त्यात खरा रंग ३०-४० च असू शकतो, आणि वरचा थोडा खडू होऊन गेलेलाच. म्हणून ७० च्या खाली आकडा दिसला की मी त्या जागेला पॉलिशचं यंत्र लावतच नाही. हाताने साफ करून मेण लावायचं आणि सोडून द्यायचं.

जाडी कळली, आता जात ओळखायची. दाराच्या आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या सुती चिंधीचं टोक एनसी थिनरमध्ये भिजवून दहा सेकंद टेकवा आणि एकदाच पुसा. चिंधीला रंग भसकन उतरला आणि जागा चिकट झाली तर तो नायट्रोसेल्युलोज, म्हणजे गॅरेजचा एनसी. कारखान्यात भट्टीत भाजलेला एनॅमल असेल तर थोडासा मऊ पडेल, किंचित रंग देईल, पण विरघळणार नाही. काहीच झालं नाही तर अलीकडचा पीयू. ही परीक्षा प्रत्येक संशयास्पद भागावर वेगळी करा. थिनर नको का म्हणालो ते यातून कळलं असेल: बॉनेटच्या मधोमध तो पडला तर डाग कायमचा.

हे सगळं करून तुम्हाला एक नकाशा मिळेल. माझा अंदाज, छप्पर, डिकी, उजवी बाजू आणि दोन्ही पुढचे मडगार्ड मूळ निघतील, डावं मागचं दार आणि कदाचित त्याच्या शेजारचा भाग परत रंगवलेला. असं असेल तर गाडीचा तीनचतुर्थांशाहून जास्त रंग मूळ आहे, आणि तो खरवडून टाकायला मला तरी एकही कारण दिसत नाही.

पॉलिशच्या आधी चिकणमाती, म्हणजे डिटेलिंगवाले वापरतात तो क्ले बार. शेडमध्ये उभ्या गाडीवर लोखंडाचे बारीक कण, झाडाचा डिंक, रंगाचे तुषार बसलेले असतात. भरपूर शाम्पूच्या पाण्यावर क्ले सरकवत न्यायचा, दाबायचा नाही. खाली पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा, परत वापरायचा नाही. चिंचेचा किंवा आंब्याचा चीक असेल तर आधी कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवून मऊ करा.

आता ओंजळभर जागा. डिकीच्या झाकणावर एका कोपऱ्यापासून वीतभर आत, सपाट भागावर, मास्किंग टेपने वीतभर चौकोन आखा. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य गोष्टीने: बारीक पॉलिश, हातात मऊ फोमचा तुकडा, यंत्र नाही. दहा-बारा वेळा फिरवा, पुसा, बघा. फोम निळा होईल. घाबरू नका, क्लिअर कोट नसलेल्या रंगात हे व्हायचंच. फोमवरचा निळा पांढरट असेल तर अजून खडूच निघतोय, स्वच्छ गडद निळा आला म्हणजे खालच्या चांगल्या रंगाला हात लागला, तिथे थांबायचं. राखाडी किंवा तांबूस छटा आली की प्रायमर आला, म्हणजे उशीर झाला. चौकोनाची टेप काढलीत की आतला आणि बाहेरचा फरक समोर दिसेल. मी पन्नासहून अधिक जुन्या गाड्यांवर हे केलं असेल, तरी टेप ओढताना अजून दर वेळी श्वास रोखला जातो. खाली वडिलांनी घेतली त्या वर्षाचा निळा असतो.

फार कोरड्या रंगाला थेट पॉलिश करण्याआधी मी तेलकट ग्लेझ, म्हणजे रंग न खरवडणारं तेलकट पॉलिश, जिरवतो. मेग्वायर्सचं नंबर ७ हे त्यासाठी जगभर जुन्या गाड्यांवर वापरलं जातं. खरबरीत टर्किश टॉवेलच्या तुकड्याने भरपूर लावायचं, चोळायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पुसायचं, परत लावायचं. लोक म्हणतात की याने रंगाला खाद्य मिळतं. रंग काही चामडं नाही, तुटलेली राळ तेलाने जुळत नाही. पण वरच्या भेगाळलेल्या, सच्छिद्र पापुद्र्यात तेल शिरतं, त्यामुळे रंग गडद दिसतो, आणि महत्त्वाचं म्हणजे नंतर पॉलिश करताना घर्षण कमी होतं, रंग कमी जातो. तुमच्या छपरावर हे तीन रात्री करा. छप्पर सगळ्यात जास्त भाजलेलं असणार, त्यात वरचा पत्रा दुपारी तापून भट्टी होत असेल.

मग यंत्र. दुहेरी फिरणारं, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्या, मऊ फोम पॅड लावा, वेग कमी ठेवा. आपल्या गॅरेजांत अजून एकाच अक्षावर फिरणारं बफिंग मशीन, लोकरीचं पॅड आणि जाड रबिंग कंपाउंड चालतं. नव्या पीयूवर ते खपून जातं. तुमच्या रंगावर ते एका जागी पाच सेकंद थांबलं तरी पुरे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत, १९९२ च्या आसपास, एका डॉक्टरांच्या गाडीच्या बॉनेटची मधली धार मी अशीच जाळली. त्या सबंध गाडीवर पहिला रंग होता. बोटभर लांब राखाडी रेघ उमटली आणि मला तिथेच पोटात खड्डा पडला. डॉक्टर काही बोलले नाहीत, रेघेवरून बोट फिरवत उभे राहिले. त्या दिवसापासून मी यंत्र हातात घेण्याआधी प्रत्येक धारेवर, प्रत्येक उंचवट्यावर, मॉनोग्रामच्या कडेने दुहेरी टेप मारतो, आणि तेवढ्या पट्ट्या शेवटी हाताने करतो. दोन दिवस जास्त लागतात. लागू देत.

दर दोन फूट चौकोनाला यंत्र थांबवून परत जाडी मोजा आणि वहीत पहिल्या आकड्याशेजारी लिहा. दोन-तीन मायक्रॉन गेले तर ठीक. आठ-दहा गेले तर पॅड किंवा पॉलिश जास्त कडक आहे. प्रत्येक ओरखडा काढायचा हट्ट सोडून द्या. खोल ओरखडा घालवायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा रंग त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. पन्नास वर्षांच्या गाडीवर चार ओरखडे शोभतात. आरशासारखी चमक आणायला जो रंग जाईल, तो पुढच्या वीस वर्षांचा शिधा आहे.

ओरखड्यांना, ठिपक्यांना टच-अप. यात नव्वद टक्के गाड्या बिघडतात त्या शेड चुकल्याने. जुन्या शेड-कार्डवरून रंग बनवून घेऊ नका, कारण त्या कार्डावरचा रंग १९७६ चा आहे आणि तुमची गाडी आजची. पॉलिश पूर्ण झाल्यावर, मेण लावण्याआधी, ज्या भागावर काम करायचंय त्याच भागाशी जुळवा. छपराची शेड आणि दाराच्या खालच्या भागाची शेड सारखी नसणार. मिक्सिंगवाल्याला पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून देऊ नका. त्याचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा वेगळा टिकलेला असू शकतो. गाडीच घेऊन जा. शेड ट्यूबलाइटखाली जुळवली आणि उन्हात फसली, हे आमच्या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे, दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात. सकाळी दहा-अकराला, सावलीत पण उघड्यावर बघा. ओला रंग बघून हो म्हणू नका. पत्र्याच्या तुकड्यावर मारा, पूर्ण वाळू द्या, मग गाडीवर धरा. वाळल्यावर छटा बदलते. मी एका निळ्यासाठी सात तुकडे केलेत.

ठिपका भरताना आधी गंज. तांबूस टिपका दिसत असेल तर काचतंतूंच्या पेन्सिलीने तेवढाच कोरून काढा, फॉस्फरिक आम्लाचं गंजरोधक काडीने लावा, सांगितलेला वेळ ठेवून पुसा, वाळू द्या. मग एपॉक्सी प्रायमरचा थेंब, मग रंग. सगळ्यात बारीक ब्रश घ्या आणि एका वेळी पातळ थर, दिवसाला एकच, रंग आजूबाजूच्या पातळीच्या जेमतेम वर येईपर्यंत. आठवडाभर वाळू द्या. मग २००० नंबरचा वॉटर पेपर खोडरबराच्या बोटभर तुकड्यावर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात, फक्त त्या थेंबाच्या माथ्यावर. नंतर ३०००, नंतर पॉलिश. ही कामं रात्री टीव्ही बघत होत नाहीत, उजेडात आणि निवांत करा.

इथेच एक इशारा. त्या काळच्या प्रायमरमध्ये आणि काही पिवळ्या-लाल रंगांत शिसं असायचं. घरच्या रंगांत शिशाची ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, यावरून समजा. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही, कायम ओला. मास्क लावा, चिंध्या घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, लहान मुलं जवळ नकोत. आणि कुठल्याही भागावर पीयू मारायची वेळ आली तर ते घरच्या शेडमध्ये करू नका. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा होतो, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. माझ्या बरोबरीचे दोन रंगारी त्याने कायमचे घरी बसले.

आता ते डावं दार. इथे दोन वाटा आहेत आणि दोन्ही बरोबर असू शकतात. चिंधीच्या परीक्षेत वरचा रंग एनसी निघाला आणि जाडी ३०० च्या आत असेल, तर खाली कारखान्याचा भाजलेला रंग अजून असू शकतो. दाराला ठोकर लहान असेल तर त्या वेळच्या रंगाऱ्याने कोपरा दुरुस्त करून सबंध दारावर एनसी फिरवला असेल, तसं नेहमीच करायचे. एनसी थिनरमध्ये विरघळतो, भाजलेला एनॅमल सहज विरघळत नाही, त्या फरकावर खेळायचं. चिंधी थिनरने ओली, टपकणारी नाही, एका वेळी तळहाताएवढी जागा, तीन-चार वेळा पुसायचं, नवी चिंधी, थांबायचं, वाळू द्यायचं, बघायचं. मी हे अनेकदा केलंय आणि खालून मूळ रंग जवळजवळ अनाघ्रात सापडलाय, कारण वीस-तीस वर्षं तो वरच्या रंगाखाली झाकलेला होता. पण घाई केली की खालचा मऊ पडून सुरकुततो. म्हणून हे काम तुम्ही स्वतः करू नका, असं काम केलेल्या माणसाकडून करून घ्या, आणि त्याला आधी दाराच्या खालच्या टोकाला वीतभर करून दाखवायला सांगा.

वाट दुसरी: दारावर लांबी निघाली, किंवा वरचा रंग पीयू असेल, तर तेवढं एक दार नीट उतरवून परत रंगवा. साध्या सॉलिड रंगातच, क्लिअर न मारता. क्लिअर मारलं की त्या एका दाराची चमक काचेसारखी वेगळी दिसते आणि लांबून डोळ्यांत खुपते. रंगवल्यावर महिनाभराने हलकं पॉलिश करून चमक शेजारच्या भागांइतकी खाली आणता येते. एका दाराचं रंगकाम म्हणजे गाडीचा मूळपणा गेला असं अजिबात नाही.

आणि कुठे हट्ट सोडायचा तेही सांगतो. रंगाखाली फोड आले असतील, बोटाने दाबल्यावर कुरकुर वाजत असेल, तर खालचा पत्रा सडलाय. पद्मिनीत हे दारांच्या खालच्या कडांना, चाकांच्या कमानींना, दारांखालच्या पट्ट्यांना आणि हेडलाइटच्या भोवती आधी होतं. या गाडीला वेगळी चेसी नाही, बॉडीच सगळा भार पेलते, त्यामुळे खालच्या पट्ट्या सडल्या तर प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही. सडका पत्रा कापून नवा जोडायचा, तेवढाच भाग रंगवायचा, बाकीचा सोडायचा. मूळ रंगाला कोरड्या तळ्यासारख्या भेगा खोलवर गेल्या असतील तर तोही भाग गेला, पॉलिशने भेग बुजत नाही. तुम्ही लिहिलंय त्यात भेगांचा उल्लेख नाही, म्हणून मला आशा आहे.

मूळपणाचा विचार फक्त माझ्यासारख्यांचा हट्ट आहे असं कुणी म्हटलं तर सांगा, जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिने स्वीकारलेल्या ट्युरिन चार्टरचा पायाच हा आहे: शक्य असेल तिथे जतन, गरज पडली तरच दुरुस्ती, नव्यासारखं करणं सगळ्यात शेवटी. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेलं, मूळ स्वरूपात राखलेलं वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, त्याच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. तुमची गाडी पन्नाशीच्या उंबरठ्यावरच आहे. एक मात्र बघा, तशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आईंना देवळात न्यायची असेल तर आधी विचार करा. आणि रंगच बदलायचा ठरवलात तर आरसी बुकातही बदलून घ्यावा लागतो.

शेवटी मेण. कार्नौबाचं मेण घ्या, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं असतं ते, साधारण ८२ अंशांच्या पुढे वितळतं म्हणून आपल्या उन्हाला टिकतं. पातळ थर, हाताने, सावलीत. वर्षातून तीनदा. मेणाआधी तेलकट ग्लेझ नीट पुसलेलं असू द्या. सिलिकॉनची चकचकीत स्प्रे-पॉलिशं गाडीच्या जवळ आणू नका. उद्या कुठे टच-अप करायची वेळ आली तर त्या जागी रंग माशाच्या डोळ्यांसारखा फाटतो.

बॉनेटच्या डाव्या बाजूला पुसट गुलाबी स्वस्तिक दिसतंय असं तुम्ही लिहिलंय, आणि ते कसं काढू असं विचारलंय. दसऱ्याला गाडीची पूजा करताना लावलेलं कुंकू खडू झालेल्या, सच्छिद्र रंगात मुरतं, त्यातही बाजारच्या कुंकवातला रंग जास्त. क्ले आणि बारीक पॉलिशने ते बहुतेक फिकट होईल, पूर्ण निघायला मात्र तिथला रंग चांगलाच खाली न्यावा लागेल. वहीतला आकडा बघा. नव्वदच्या आसपास असेल तर मी ते काढणार नाही. आणि खरं सांगायचं तर आकडा दीडशे असला तरी आधी आईंना विचारीन, कारण ते बोट कुणाचं होतं हे त्यांनाच माहीत असणार.

काम पावसाळा संपल्यावर सुरू करा, हवा कोरडी पडली की. तोवर शेडच्या पत्र्यातून गळतंय का ते बघून घ्या, गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, खाली ओल कोंडते. सुती, हवा खेळणारं आवरण शिवून घ्या, आणि तेही धुतलेल्या गाडीवरच घाला. दोन माणसं लागली तर आठ-दहा दिवसांचं काम आहे, एकट्याने रविवारी केलं तर दोन महिन्यांचं. उरलेला टच-अपचा रंग काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, त्यावर तारीख आणि मिश्रणाचं प्रमाण लिहून घरातच थंड जागी ठेवा, जाडीच्या आकड्यांची वही गाडीच्या कप्प्यात. आणि यंदाच्या दसऱ्याला हळदकुंकू पुढच्या काचेवर लावा, झेंडूचा हार आरशांना बांधा. ओला हार रात्रभर बॉनेटवर राहू देऊ नका.